दव सुकल्यावर

“कुरणाचे चार भाग पाडले मी,” जयसिंग आपल्या शेळ्यांच्या फार्मवर माईक धरून सांगत होता. (मी पाडून दिले. दोरी माझी, खुंट्या माझ्या.) दौऱ्यावर आलेल्या शेतकऱ्यांच्या मागे उभा राहून रंभाजी दातओठ खात होता.

“एका भागात चराई, बाकीच्यांना विश्रांती. मलाच सुचलं.” (तुला? माझ्या ओट्यावर माझाच चहा पीत विचारत होतास, ‘तात्या, गवत का टिकत नाही?’) टाळ्या पडल्या. रंभाजीने हात खिशात कोंबले.

“आणि शेळ्या भल्या पहाटे सोडायच्या. दवात भिजलेलं कोवळं गवत त्यांना फार मानवतं.”

(अर्धवट ऐकलंस, लेका! सांग, असंच सांग. चार शेळ्या मेल्या की कळेल लोकांना, खरा जाणता कोण.)

शेजारी रंभाजीच्याच गावची सगुणा मन लावून ऐकत होती. तिच्या दोन्ही शेळ्या गाभण होत्या.

“अरे गाढवा!” रंभाजी ओरडला. “दव सुकल्याशिवाय सोडल्या तर पोट फुगून मरतील!”

जयसिंग क्षणभर गडबडला, मग हसला. “तात्यांनी माझ्या तोंडचं वाक्य पळवलं बघा! दव सुकल्यावरच सोडायच्या, मंडळी.” पुन्हा टाळ्या.

परतताना टेम्पोत सगुणा म्हणाली, “हुशार माणूस हो, तात्या. तुम्ही नुसते ओरडलात. त्यांनी नीट समजावलं. उद्यापासून दव सुकल्यावरच सोडीन.”

रंभाजीने टेम्पोच्या फाळक्यावर मूठ आपटली.

“होय बाई, त्यानंच सांगितलं. पण सोड मात्र दव सुकल्यावरच!”