आजचं फूल

सुलक्षणाने खिडकीच्या ग्रीलमध्ये वाकून फोटो काढला, चष्मा कपाळावर सरकवून तो नीट पाहिला आणि पाठवून दिला.

"गेला," ती म्हणाली. "आज दोन उमललीत. एकाला किडीने कुरतडलंय. त्याला नेमकं तेवढंच दिसेल बघा."

"दिसू दे," दशरथ म्हणाला.

"तुम्ही पाणी घालून घ्या. चहाला दहा मिनिटं आहेत अजून."

ही डे लिली त्यांच्या मुलाने, सुयोगने लावलेली. बोटीवर नोकरीला जाण्याआधी त्याने बोरिवलीच्या नर्सरीतून एक गड्डा आणून जोगेश्वरीच्या घरामागे पुरला होता. "आये, हिचं फूल एकच दिवस टिकतं," तो म्हणाला होता. "सकाळी उमलतं, संध्याकाळी खलास. तू रोज फोटो टाकायचा. म्हणजे मला कळेल, आज तू उठलीस, बरी आहेस. जुना फोटो टाकून फसवायचं नाही हां."

पुढे जोगेश्वरीची बिल्डिंग पाडायला निघाली आणि दोघं मालाडला चौथ्या मजल्यावर भाड्याने आली. आयुष्यभर लेथ मशीनवर काम केलेल्या दशरथने गड्डा स्वतः उकरला, हलक्या हाताने फोडून त्याचे दोन केले, पानं वीतभर ठेवून छाटली आणि दोन कुंड्यांत लावले. संध्याकाळी कोमेजलेली फुलं खुडायचं काम सुलक्षणाचं. देठाच्या गाठीसकट खुडायची, नाहीतर झाड बी धरण्यात जीव घालवतं.

ती आत गेली तसा दशरथ खताच्या डब्यापाशी बसला. डब्यात हाडांचा चुरा होता. सुलक्षणा सुकटसुद्धा आवडीने खाईल, पण त्या डब्याच्या वासाने तिला मळमळायचं. ती त्याला कधी हात लावत नसे. चुऱ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत सुयोगचा फोन होता.

दशरथने एका बोटाने लिहिलं, "झकास आये! डावीकडच्याला कीड लागली वाटतं. बाबांना फवारायला सांग. जेवलीस ना वेळेवर?"

सुयोग डिसेंबरात गेला. बोटीवरून पाण्यात पडला, सापडला नाही. बातमी आली तेव्हा सुलक्षणा आयसीयूत होती, अँजिओप्लास्टीचा तिसरा दिवस. डॉक्टर म्हणाले, "हृदय तीस टक्के काम करतंय. आत्ता कुठलाही धक्का नको." ते 'आत्ता' पाच महिने लांबलं. दशरथने दिवस एकट्याने केले, तिला पेन्शनच्या कामाला जातो म्हणून सांगून. कंपनीच्या माणसाने मुलाची बॅग आणून दिली. त्यात हा फोन होता. मालाडला कोणी ओळखीचं नव्हतं, तेच बरं झालं.

"बोट लांब आहे. फोन लागत नाही, मेसेज तेवढा जातो," त्याने एकदा सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं. आवाज ऐकायचाय असा हट्ट तिने एकदाही धरला नाही, हे दशरथला नशीबच वाटायचं.

चहाबरोबर ती उत्तर मोठ्याने वाचायची. "बघा, कीड दिसली म्हणे!" आणि हसायची. दशरथ खाली मान घालून चहा प्यायचा. त्या हसण्याने त्याचं काळीज तुटायचं, आणि त्याच हसण्यासाठी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा उघडायचा.

ती आंघोळीला गेली की तो फोन चार्जिंगला लावायचा. मध्ये दोन दिवस त्याला ताप होता, तेव्हा काहीच जमलं नाही. तिसऱ्या दिवशी घाबरत पाहिलं तर बॅटरी भरलेली. तापात आपणच लावला असणार, विसरलो असू. वय झालं.

मे महिन्यात समोरच्या टॉवरचे मजले चढले आणि ग्रीलमधलं ऊन तासाभरावर आलं. या झाडाला पाच-सहा तास ऊन लागतं. दशरथने कुंड्या सरकवल्या, माती मोकळी केली, खत घातलं. पानं तेवढी वाढली. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन पिवळ्या पडू लागल्या. शेवटी एका दांड्यावर तीन कळ्या उरल्या.

"यंदा वाट लागली हिची," सुलक्षणा म्हणाली.

"येतील गं."

"ऊनच नाही तर कुठून येतील?"

दशरथला झोप लागेना. फूल नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर उत्तर कशाला द्यायचं? मग तिला सांगावं लागेल. ते ऐकून ती उरेल का? मुलगा गेला तेव्हा निदान रडायला एक बाथरूम होती. ती गेली तर रडून तरी काय करायचं?

पहिली कळी उमलली, नखाएवढीच. फोटो गेला, उत्तर आलं. दुसरी अर्धवट उघडून तशीच राहिली. "तरी छान दिसतंय आये," दशरथने लिहिलं.

तिसऱ्या सकाळी तो ग्रीलपाशी आला तेव्हा उरलेली कळी मातीत पडली होती. दांडा नुसताच उभा होता. सुलक्षणा आली, वाकली. मग रोजच्यासारखा चष्मा कपाळावर सरकवून फोनवर काहीतरी करत बसली. जुना फोटो शोधत असेल, दशरथला वाटलं.

"तुम्ही पाणी घालून घ्या," ती उठत म्हणाली. "चहाला दहा मिनिटं आहेत अजून."

ती आत गेली. त्याने डबा उघडला. फोनवर तिचा मेसेज येऊन पडला होता. फोटो नव्हता, नुसत्या ओळी होत्या.

"अहो, आज फूल नाही. तरी त्याच्या नावाने दोन ओळी लिहा. नाहीतर माझा दिवस जात नाही."