लापोच्या वहीतले रस्ते

मार्ग ३. गिरणीपासून सान व्हितोच्या देवळापर्यंत आणि परत. ९ किमी. पांढरी खडी. शेवटचा चढ छातीवर येतो. बाबांना जन्मात जमणार नाही.

मोरेनाने वाचून वही मिटली. व्हास्को दारात वाकून नाड्या बांधत होता.

"ऐकलंस? जमणार नाही म्हणतोय तुला."

"बघू."

"कॉफी दिली असती बरोबर. पण तो निळा थर्मास कुठे गेला, देव जाणे."

नाडी सुटली होती, ती त्याने पुन्हा बांधली.

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. नोव्हेंबरपर्यंत तो सुटलेल्या बसमागेसुद्धा कधी धावला नव्हता. मग एका रविवारी त्यांचा मुलगा लापो पहाटे धावायला गेला आणि परत आला नाही. शोधपथकाने आठ दिवस कुत्री घेऊन टेकड्या पालथ्या घातल्या. कड्याखालचा भाग तेवढा सोडला. तिथे त्या दिवशी रानडुकरांच्या शिकारीला गावची अख्खी टोळी उभी होती. कुणी आलं असतं तर दिसलंच असतं.

पथक गेलं. डिसेंबरात मोरेनाला लापोच्या खणात ही वही सापडली. त्याचे सगळे रस्ते, आकडे घालून.

"तू धाव," ती नवऱ्याला म्हणाली होती. "मोटारीतून काय दिसणार? तो जिथून गेला, तिथून जा."

तेव्हापासून तो धावत होता. एकेक मार्ग, आठ-आठ दिवस. झुडूपन्‌झुडूप.

त्या दिवशी तो तीन तासांनी परतला.

"काही?"

"नाही."

तिने त्याचे बूट अंगणातल्या नळाखाली धरले. चिखलाच्या राखाडी खपल्या सुटून वाहून गेल्या. बुटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबून तिने ते शेगडीजवळ उपडे ठेवले.

मार्ग ७. ऑलिव्हच्या बागांमधून माथ्यावर. १२ किमी. लाल माती. वर एर्सिलियामावशीकडे पाणी मिळतं. पाण्याबरोबर लग्न कधी करतोस हा प्रश्नही मिळतो.

उतरताना व्हास्को बारमध्ये थांबला. टोळीचा म्होरक्या अमेरिगो गल्ल्यापाशी उभा होता.

"आला बघा आमचा काळवीट! अरे, बस जरा. फेस आलाय तोंडाला."

"एक कॉफी," व्हास्को म्हणाला.

"रविवारी येतोस का? तुझी चार नंबरची जागा रिकामीच आहे. कुणी उभं राहायला मागत नाही. फार एकाकी पडते म्हणतात."

"बंदूक जमा केली मी."

"एक नेम चुकला म्हणून? की शर्ट कापला म्हणून रुसलास?"

"अमेरिगो, पुरे," कॉफी देणारी बाई म्हणाली.

पण अमेरिगोची नजर भिंतीकडे गेलीच होती. तिथे कापडाचे दहा-बारा तुकडे खिळ्यांना टांगलेले होते. टोळीचा रिवाजच तो. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ संध्याकाळी सगळ्यांसमोर कात्रीने कापायचा. शेवटचा तुकडा व्हास्कोचा, हिरव्या चौकड्यांचा. त्या रविवारी त्याने एकच गोळी झाडली होती. डुक्कर घळीत निसटलं म्हणाला. तासन्‌तास एकटा शोधत राहिला आणि रिकाम्या हातांनी वर आला. लापो घरी पोचला नाही हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे पोट धरधरून हसले होते.

"घाई नडली तुला," अमेरिगो आता हळू बोलला. "शिंग फुंकून शिकार सुरू व्हायच्या आधीच बार काढलास. धुकं केवढं होतं. वीस वर्षांत तू असं कधी केलं नव्हतंस, गड्या."

व्हास्कोने कॉफी उभ्याउभ्याच संपवली. भिंतीकडे पाठ करून.

"काही?" घरी मोरेनाने विचारलं.

"नाही."

तिने बूट धुतले. राखाडी पाणी मोरीकडे गेलं.

मार्ग १०. सगळ्यात लांब. २१ किमी. द्राक्षमळे, जुना पूल, मग नुसता चढ. वर पोचलं की आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं. आई दोरीवर कपडे घालत असेल तर तीही दिसते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी व्हास्कोने दहावा मार्ग संपवला. स्वयंपाकघरात येऊन तो खुर्चीत कोसळला.

"संपले," तो म्हणाला. "सगळे रस्ते संपले, मोरेना. कुठेच नाही तो."

मोरेनाने त्याच्या पायांतले बूट काढले. या वेळी ती नळाकडे गेली नाही. तिने ते तसेच टेबलावर ठेवले, पावाच्या शेजारी.

"या दहा वाटांवर लाल माती आहे," ती म्हणाली. "नाहीतर पांढरी खडी. मी याच टेकड्यांत वाढले, व्हास्को. अशी राखाडी माती फक्त कड्याखाली, घळीत. आणि ती तू रोज घेऊन येतोस."

त्याने मान खाली घातली.

"तुला तो केव्हाच सापडलाय. रोज त्याच्यापाशी जाऊन येतोस."

"तुला सहन झालं नसतं," तो कसाबसा म्हणाला. "घळीत पडला होता. पाय घसरला असणार. मी... तुला आशा होती, म्हणून..."

"दहा वाटा दिल्या तुला. वाटलं, एखाद्या दिवशी सांगशील."

तिने एप्रनच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. वहीतून फाडलेलं पान. डिसेंबरपासून घड्या पडून पडून ते कापडासारखं मऊ झालं होतं. तिने ते त्याच्यासमोर उलगडलं आणि बाकीच्या दहा पानांसारखंच, सावकाश वाचलं.

मार्ग ११. नवीन. कड्याखालून, घळीच्या काठाने. ८ किमी. या रविवारी हाच. शिंग नऊला वाजतं, त्याआधी चार नंबरच्या जागेवर पोचायचं. आईचा निळा थर्मास घ्यायचा. बाबा थंडीत एकटे उभे असतात, त्यांना गरम कॉफी.