नोनाताची शेळी

झोपायच्या टांगत्या झोळीतून उतरता उतरताच अदाउतो खाली कोसळला. चेहरा पांढराफटक, कपाळावर गार घाम.

"बीपी चढलं बाबांचं!" लेक इवोने किंचाळली. "नको नको म्हणताना एवढं खारं मांस खाल्लं! आई, तुझा काढा दे!"

लिंदाल्वा जागची हलली नाही. अंगणातल्या कोलोनियाच्या पानांचा तिचा काढा सगळ्या गावाला ठाऊक होता. रक्ताच्या नळ्या सैल पडतात, चढलेलं बीपी उतरतं. पण तीस वर्षं तिचा एकच नियम होता. दवाखान्याची गोळी घेणाऱ्याला पान द्यायचं नाही. गोळीही नळ्या सैलच करते. दोन्ही एकदम पोटात गेली की माणूस बसल्या जागी आडवा होतो. आणि अदाउतो रोज गोळी घ्यायचा. नियम नसता तरी काढा त्याच्या घशाखाली उतरला नसता म्हणा. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात पुड्या बांधलेला माणूस तो. बायकोच्या काढ्याला 'गवताचं पाणी' म्हणायचा.

"क्रातोहून दवाखान्याची गाडी यायला तास लागेल," शेजारीण नोनाता दारातूनच म्हणाली. तिने उंबरा ओलांडला नाही. तीन महिने दोघींचं बोलणं बंद होतं. नोनाताची शेळी कोलोनियाची पानं खाते, असा लिंदाल्वाने गावभर बोभाटा केला होता. तेव्हापासून शेळी दाव्याला. आत्ताही तिकडे ती ओरडत होती.

चुलीवर गिऱ्हाइकासाठी काढा उकळत होता. इवोनेने तो कपात ओतून आईच्या हातात कोंबला. "नियम राहू दे तुझा! माणूस चाललाय इथे!"

लिंदाल्वा खाली बसली. नवऱ्याची नाडी दोऱ्यासारखी बारीक लागत होती. पाजावं? न पाजावं? तिने त्याच्या शर्टाची बटणं सोडली, तशी खिशातून एक कागदी पुडी घसरली. चार घड्यांची, कोपरा आत खोचलेला. वर त्याचं वळणदार अक्षर: सकाळी एक, संध्याकाळी एक.

तिने पुडी उघडली. आत वाळलेली पानं. वास घेतला. आणि कप अंगणात भिरकावला.

"मीठ आणा! पाय वर धरा यांचे!"

"मीठ? बीपीच्या माणसाला? आई, मारतेस का बाबांना?"

नोनाता धावत घरी गेली, मूठभर मीठ घेऊन आली, पण हात दारातूनच पुढे केला. लिंदाल्वाने चिमूटभर त्याच्या जिभेखाली ठेवलं. इवोने रडत रडत पाय धरून उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ओठांना जरा रंग आला. डोळे किलकिले झाले.

"गवताचं पाणी... पाजलं नाहीस ना?" अदाउतो पुटपुटला.

"नाही हो," लिंदाल्वाने त्याचा घाम पुसला. पुडी तिने मुठीत घट्ट मिटून घेतली होती. मग ती दाराकडे वळली.

"नोनाता, आत ये बाई. आणि त्या शेळीचं दावं सोड. पानं ती खात नव्हती."