फ्लॅनेलचं फडकं

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत सहलींसाठी बनलेली उघडी मोटार मालकाने कधी शेडबाहेर काढली नव्हती. “जगात अशा चारच उरल्यात,” तो छाती फुगवून विकत घ्यायला आलेल्या संग्राहकाला सांगत होता, “आणि हिच्या सीटवर अजून कुणाला बसू दिलं नाही.” त्याची बायको फ्लॅनेलच्या फडक्याने पितळी दिवे पुसत होती. लेकीला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा हा टॅक्सी शोधत फिरला होता. ही महाराणी शेडमध्ये दुलई पांघरून झोपली होती. निदान नवा मालक तरी हिला फिरवेल, असं तिला वाटलं. तेवढ्यात संग्राहकाच्या तरुण बायकोने हौसेने दाराला हात लावला. “लांब हो, बोटं उमटतील,” संग्राहक तिच्यावर खेकसला. जुन्या मालकाने कौतुकाने मान डोलावली. दोघे एकाच माळेचे मणी. तिने फडकं संग्राहकाच्या बायकोच्या हातात ठेवलं. “धर बाई, तुझ्या सवतीचं. रोज लागेल.”