साडेदहाचा भोंगा

"स्वयंसेवकांच्या यादीत बावीस नावं आहेत, रोलंड. बावीस! वर तुला आणखी दोन पगारी माणसं हवीत?" मर्ल ऑस्टर्बर्गनं कागद टेबलावर आपटला.

मर्ल गावच्या कौन्सिलचा अध्यक्ष. रोलंड क्रेचेक अग्निशमन दलाचा प्रमुख, तोही बिनपगारी. दोघांचं शाळेपासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. सभा दलाच्याच इमारतीत, माडीवर भरली होती. खाली बंब उभा होता.

"त्यातले अठरा दिवसा शहरात कामाला असतात," रोलंड म्हणाला. "आग काय रविवार बघून लागते?"

"तुझा बाप प्रमुख होता तेव्हा चाळीस जण धावायचे. त्याला नाही लागले कधी पगारी नोकर."

"माझा बाप नाकात ऑक्सिजनची नळी घालून शेतावरच्या घरी पडलाय. त्याला मधे आणू नकोस."

"ठाऊक आहे. कालच भेटून आलो. बिचारा सिगारेट मागत होता, दिलं पाकीट."

"नळीवाल्या माणसाला सिगारेट? अक्कल गहाण टाकलीस काय रे?" रोलंड ताडकन उठला. मग घड्याळाकडे बघून मुकाट्यानं बसला. मागणी आज फेटाळली गेली, तर वर्षभर पुन्हा मांडता येणार नव्हती.

शिवाय हुकमाचा एक्का त्याच्याच हातात होता. नियंत्रण कक्षातल्या ट्रूडीला त्यानं गुपचूप सांगून ठेवलं होतं, साडेदहाला सरावाचा भोंगा वाजव. आमच्या गावात भोंगा ऐकला की धावत बंबाकडे यायचं, पत्ता बंबातल्या वायरलेसवर कळतो. किती धावतात ते कौन्सिलनं आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढाच बेत.

भोंगा सव्वादहालाच वाजला. ट्रूडी कायम घोड्यावर बसलेली! रोलंड मनातल्या मनात चरफडला.

"चला खाली," तो म्हणाला. "आणि मोजा."

सगळे बंबाशी येऊन उभे राहिले. पाच मिनिटं गेली, चिटपाखरू नाही. सहाव्या मिनिटाला शाळेच्या बसचा ड्रायव्हर गस धापा टाकत आला. आठव्याला बेकरीवाली इंगा आली, एप्रनसकट.

इंगा बंबात चढायला लागली तशी रोलंडनं तिचा दंड धरला. "उतर गं. सराव आहे हा. साहेबांना मोजू दे."

"पाव भट्टीत टाकून आलेय मी!" इंगा भडकली.

दहा मिनिटं झाली. अकरा. बारा. तिसरं कुणी आलं नाही.

"नाटकी मेला," मर्ल दात खात म्हणाला. "घे तुझी दोन माणसं. घे आणि गप बस."

शाळेपासून आजवर मर्लनं एकदाही हार मानली नव्हती. रोलंडला हसू आवरेना. त्यानं गसच्या पाठीवर थाप मारली आणि सराव संपल्याचं ट्रूडीला कळवायला सांगितलं.

गसनं बंबात चढून वायरलेस चालू केला.

"अरे, मेलात का सगळे?" ट्रूडी रडत ओरडत होती. "बारा मिनिटं बोंबलतेय मी! तुझा सराव साडेदहाला आहे, रोलंड. हे तुझं शेतावरचं घर पेटलंय!"