अर्धवट मस्टँग

चंद्रप्रकाश महिनाभर जोडत होता ते जुन्या अमेरिकन मस्टँग गाडीचं मॉडेल टेबलावरून गायब होतं. सोबत प्लास्टिक कापायचा कटरही. तो आतल्या खोलीकडे धावला. चेकनाक्यावरच्या अपघातापासून व्हीलचेअरला खिळलेल्या लेकीच्या खोलीला आतून कडी होती.

"शमू, दार उघड."

"थांब ना, बाबा."

"आधी तो कटर बाहेर दे!"

तो दाराला खांदा लावणार, तोच कडी निघाली. शर्मिष्ठाच्या मांडीवर मस्टँग होती. आतली इवलीशी पेडल्स कापून तिने स्टिअरिंगशेजारी तारेचा दांडा चिकटवला होता.

"ओरडू नकोस हां. हिचा ब्रेक आता हाताने लागतो," ती म्हणाली. "आपल्या गाडीला असा बसवून मिळेल?"