राहती इमारत

"एवढी माणसं राहत असतील तर जमणार नाही, बाई," रस्त्यावरूनच मान वर करून लेआंद्रोसाहेब म्हणाले. "आमच्या परदेशी कंपनीला रिकामी इमारत हवीय."

शेजारी उभ्या ओमायराने त्यांच्या नजरेमागे वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर बाळाची दुपटी वाळत होती. चौथ्यावर कुणाचा तरी रेडिओ बेसबॉलची मॅच ऐकवत होता.

"वर तर चला, साहेब. कॉफी घ्या. मग बोलू."

सरकार आज पडेल, उद्या पडेल म्हणता म्हणता काराकासचं पार कंबरडं मोडलं होतं. पण हल्ली परदेशी कंपन्यांची माणसं फिरू लागली होती. आत्ता मातीमोल भावात घ्यायचं आणि सरकार बदललं की सोनं करायचं, असा त्यांचा हिशेब. इमारतीतले बाकीचे घरमालक कधीच देश सोडून गेले होते, कुणी स्पेनला, कुणी चिलीला. त्यांनी फोनवर ओमायराला सांगून टाकलं होतं, "विकून टाक बाई एकदाचं, तुझ्या घरासकट." विकलं गेलं तर ती सांतियागोला लेकीकडे जाणार होती. नातू चालायला लागला होता आणि आजीने त्याला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. हे गिऱ्हाईक हातचं गेलं, तर दुसरं कधी येणार होतं?

लेआंद्रोसाहेबांनी कॉफी चवीने घेतली. भावाचं एका शब्दाने विचारलं नाही. मोठी माणसं, घासाघीस कशाला करतील, असं ओमायराला वाटलं.

"पाणी वरपर्यंत चढतं?" त्यांनी विचारलं.

"येतं त्या दिवशी चढतं."

"छान. पण ही बिऱ्हाडं काढायची कुणी? त्या दुपट्यांचं बाळ कुणाचं?"

ओमायराने हातातला फडका दुमडला, उलगडला. सांगावं की नाही? आजवर तिने पाववाल्यालासुद्धा दाद लागू दिली नव्हती.

"बाळबीळ कुणी नाही, साहेब," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे?"

"दुपटी मीच वाळत घालते. भिजवून, पिळून, रोज वेगळ्या खिडकीत. रेडिओ मीच लावते. संध्याकाळी जिने चढून दिवे लावते, आणि झोपायच्या वेळेला मालवतेही मीच. गुडघ्यांची वाट लागली."

लेआंद्रोसाहेब हसले. "थट्टा करताय गरिबाची."

"थट्टा कसली! घर रिकामं दिसलं की टोळी कुलूप फोडून आत शिरते. एकदा शिरली की कोर्टाच्या बापाच्यानेही निघत नाही. पलीकडच्या इमारतीचं तेच झालं. बिचारे मालक माद्रिदमध्ये बसून रडतायत. इथे मात्र मी एकही टोळी फिरकू दिली नाही."

तरी त्यांचा विश्वास बसेना. मग ओमायराने किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि एकेक दार उघडून दाखवलं. दुपट्यांच्या घरात खिडकीपाशी दोरी आणि बाकी नुसती जमीन. रेडिओच्या घरात रेडिओ आणि एक स्टूल. लेआंद्रोसाहेब प्रत्येक खोलीत डोकावले, नळ सोडून पाहिले, न्हाणीघरंसुद्धा सोडली नाहीत.

"म्हणजे अख्ख्या इमारतीत तुम्ही एकट्या?"

"एकटी," ओमायरा म्हणाली. तिला जरा अभिमानच वाटला. "शपथेवर सांगते. उद्या म्हणालात तर उद्या ताबा देते."

"कमाल आहे बाई तुमची. आम्ही महिनाभर समोरून पाहत होतो, आम्हालाही पत्ता लागला नाही."

उतरताना दुपट्यांच्या घरात थांबून त्यांनी खिशातून फोन काढला. कंपनीला कळवत असतील, म्हणून ओमायरा अदबीने दाराशी उभी राहिली. छातीवर क्रूस काढून तिने डोळे मिटले. सांतियागोत थंडी असते म्हणतात, नातवासाठी स्वेटर विणायला घ्यावा.

लेआंद्रोसाहेबांनी दुपटं बाजूला सारून खिडकीतून रस्त्याच्या टोकाकडे हात हलवला.

"आण रे बस," ते फोनवर म्हणाले. "गाद्या, भांडी, पोरंबाळं, सगळ्यांना वर घे. कुलूप फोडायचीही गरज नाही. फक्त एक म्हातारी आहे."